समोर असलेला कीटक दिसत नाही : नजर कशी तयार करावी?

तेरडा_पुणे

सर्वांना नमस्कार. गेले दोन पावसाळे मी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर आठवड्यातून दोनदा तरी फिरायला जाते आणि कीटक पाहण्याची गोडी मला तिथेच लागली. उडणारी फुलपाखरे, चतुर, फुलांवरचे भुंगे सहज नजरेस पडतात आणि त्यांची ओळखही आता हळूहळू पटू लागली आहे. परंतु जे कीटक पानासारखे, काडीसारखे किंवा झाडाच्या सालीसारखे दिसून आसपासच्या परिसरात मिसळून जातात, ज्याला मराठीत मायावरण असा नेमका शब्द आहे, ते मला आजवर एकदाही स्वतःहून सापडलेले नाहीत.

मागच्या सप्टेंबरमध्ये आम्ही आंबोलीला गेलो होतो. रात्रीच्या फेरीत आमच्या वाटाड्याने तासाभरात असे सात कीटक दाखवले. त्यांतला एक काडीकिडा दाखवताना त्याने बोट अगदी वितीवर नेले होते, तरीही मला केवळ एक वाळकी काडी दिसत होती. माझ्या दहा वर्षांच्या मुलीला तो माझ्या आधी दिसला. घरी आल्यावर छायाचित्र मोठे करून पाहिले, तेव्हा लक्षात आले की त्याने पुढचे दोन्ही पाय डोक्याच्या पुढे सरळ रेषेत ताणून धरले होते, आणि ज्याला मी काडीचे टोक समजत होते ते त्याचे पाय होते. त्या पायांना मुळाशी किंचित बाक होता आणि त्या बाकात डोके बरोबर बसले होते.

माझ्या चष्म्याचा नंबर नुकताच तपासलेला आहे, त्यामुळे दोष डोळ्यांचा नसावा. ही नजर सरावाने येते का, आणि येत असेल तर सराव नेमका कशाचा व कोठे करावा, हे जाणकारांनी सांगावे. टेकडीवर दर वेळी वाटाड्या सोबत असणे शक्य नाही.

सह्यपांथस्थ

तेरडाताई, आपला प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि मी त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो, कारण पहिली पाच-सहा वर्षे मीही चुकीच्या पद्धतीने शोधत होतो आणि ती वर्षे वाचली असती तर बरे झाले असते असे मला आजही वाटते.

ही नजर सरावानेच येते. मात्र आपण सगळे करतो ती चूक अशी की आपण 'कीटक' शोधायला निघतो. कीटक ही इतकी व्यापक गोष्ट आहे की डोळ्यांना नेमके काय उचलायचे हेच कळत नाही. डच पक्षीअभ्यासक लुक टिंबर्गन यांनी पाइनच्या जंगलात पक्षी आपल्या पिल्लांना कोणत्या अळ्या भरवतात याच्या बारकाईने नोंदी ठेवल्या होत्या आणि त्या त्यांच्या निधनानंतर १९६० मध्ये प्रसिद्ध झाल्या. एखाद्या जातीची अळी जंगलात दिसू लागली तरी सुरुवातीचे काही दिवस पक्षी ती जवळपास आणतच नसत, आणि मग एकाएकी तिचे प्रमाण वाढत असे. टिंबर्गन यांनी याचे स्पष्टीकरण असे दिले की पक्ष्याच्या मनात त्या अळीची एक शोधप्रतिमा, म्हणजे नेमके काय शोधायचे याचे मनातले चित्र, तयार व्हावी लागते. पुढे १९७९ मध्ये पित्रेविच आणि कामिल यांनी अमेरिकेतील ब्लू जे पक्ष्यांना झाडाच्या सालीवर बसलेल्या पतंगांच्या पारदर्शिका (स्लाइड) दाखवल्या. एकाच जातीचा पतंग लागोपाठ दाखवला तर पक्ष्यांची ओळख सुधारत गेली. दोन जाती सरमिसळ करून दाखवल्या तेव्हा ती सुधारली नाही. जन्मभर हेच काम करणाऱ्या पक्ष्याला जर एका वेळी एकच प्रतिमा पेलत असेल, तर आपणही एका वेळी एकच कीटक निवडावा, हे ओघानेच आले.

म्हणून माझा आग्रह असा की महिनाभर टेकडी बाजूला ठेवा आणि सोसायटीतल्या तगरीच्या कुंपणापासून सुरुवात करा. तगर, कण्हेर आणि सदाफुली यांवर कण्हेरीच्या पतंगाची अळी वाढते. पूर्ण वाढलेली अळी बोटाएवढी जाड असते, तरीही ती हिरव्या पानांत हरवते. तिला शोधण्यासाठी वर पाहायचेच नाही. खालच्या फरशीवर पाहायचे. तिथे मिऱ्याएवढ्या काळपट हिरव्या लेंड्या पडलेल्या असतात आणि जवळून पाहिल्यास प्रत्येक लेंडीवर उभ्या खाचा दिसतात. लेंडी ओलसर आणि हिरवट असेल तर अळी अजून वरच आहे; वाळून काळी पडली असेल तर ती कालची किंवा परवाची गोष्ट आहे. ताज्या लेंडीच्या बरोबर वरच्या फांद्या एकेक करून तपासायच्या आणि जिथे पाने शेंड्याकडून खाल्लेली आहेत, तिथे देठाला उलटे लटकलेले काही आहे का ते पाहायचे. तिच्या अंगावर बाजूने एक पांढरी रेघ असते आणि पुढच्या भागावर निळसर डोळ्यांसारखे दोन ठिपके असतात, परंतु ती शांत बसलेली असताना हे ठिपके सहसा झाकलेले असतात, त्यामुळे त्यांच्या भरवशावर राहू नये.

दुसरा सराव लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या झाडावर करता येतो. लिंबावरच्या फुलपाखराची अळी लहान असताना हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, तपकिरी अंगावर पांढरट डाग आणि ओलसर चकाकी. शेवटची कात टाकल्यावर तीच अळी एका दिवसात हिरवी होते आणि पूर्वीची प्रतिमा निरुपयोगी ठरते. एकाच झाडावर, एकाच कीटकाच्या दोन वेगळ्या प्रतिमा मनात तयार करण्यासाठी याहून चांगली शाळा नाही.

यानंतर मग खोडाकडे वळावे. आपण खोडाकडे समोरून पाहतो आणि समोरून सालीवरचा कीटक सालीचाच भाग असतो. खोडाला गाल लावल्यासारखे उभे राहून, खोडाच्या कडेने वर नजर न्यावी. सपाट दिसणारा पतंग त्या कडेवर लहानशा उंचवट्यासारखा उठून दिसतो. सकाळी नऊच्या आत किंवा सूर्य कलल्यावर हे करावे, कारण तिरप्या उन्हात त्या उंचवट्याची सावलीही पडते. खोडावरचा चपटा खंडोबाचा किडा मात्र अशा वेळी झर्रकन पलीकडच्या बाजूला पळतो. त्यासाठी दोघांनी जावे, एकाने अलीकडे आणि दुसऱ्याने पलीकडे उभे राहावे. आपल्या मुलीला बरोबर घ्या. तिची नजर आपल्या आधी पोहोचते हे आपणच लिहिले आहे.

शेवटी चालण्याच्या वेगाविषयी. तीन किलोमीटर फिरून जे दिसत नाही ते एका झाडापाशी पंधरा मिनिटे उभे राहून दिसते. मी घड्याळ लावून उभा राहतो. पहिली पाच मिनिटे काहीच दिसत नाही आणि तीच पाच मिनिटे बहुतेकांना पुढच्या झाडाकडे घेऊन जातात.

परसबाग_रत्नागिरी

वरील उत्तरात आंब्याचे नाव आले नाही, म्हणून लिहिते. आमच्या परसात आंब्याची सात कलमे आहेत आणि कॉमन बॅरन या फुलपाखराची अळी त्यांवर जवळपास दर वर्षी असते. ती पानाच्या वरच्या बाजूला, अगदी उघड्यावर बसते. लपण्यासाठी ती पानाखाली जात नाही, आणि म्हणूनच ती कोणाला सापडत नाही असे मला वाटते.

तिचे अंग हिरवे असून पाठीवर मधोमध एक पिवळसर रेघ असते. ती पानावर अशी बसते की ही रेघ पानाच्या मधल्या शिरेवर येते. दोन्ही अंगांना पिसांसारखे फाटे असलेले लांब हिरवे काटे असतात आणि ते पानावर आडवे पसरलेले असतात, त्यामुळे अंगाची कड कोठे संपते आणि पान कोठे सुरू होते हेच कळत नाही. खाली पडणारी सावलीही त्या पिसांत विरून जाते. मी तिला पहिल्यांदा पाहिले ते योगायोगाने. पानावरची धूळ पुसत होते आणि मधल्या शिरेचा एक तुकडा बोटाला मऊ लागला.

तेव्हापासून मी आंब्याच्या पानात एकच गोष्ट पाहते. मधली शीर देठापासून टोकापर्यंत एकसारखी निमुळती होत जाते की मध्येच कोठे जाड आणि पिवळी होते? तेवढे एक पाहिले की दहा पानांवरून नजर पटकन फिरते. दुसरी सोय म्हणजे पानांच्या खाली उभे राहून आभाळाकडे पाहणे. उन्हात पान उजळते आणि त्यावर बसलेल्या अळीची काळी आकृती आरपार दिसते.

एक विनंती आहे. अळी सापडल्यावर फांदी तोडून घरात आणू नये. आमच्याकडे शिकायला आलेल्या काही मुलांनी तसे केले होते, आणि तोडलेली पाने दुसऱ्या दिवशी सुकल्यावर अळीने खाणे सोडले.

निशाचर_ठाणे

मी प्रामुख्याने रात्रीच पाहतो, म्हणून त्याविषयी लिहितो. दिवसा काडीकिडा काडी होऊन पडून राहतो; रात्री तो पाने खायला निघतो आणि त्याचे काडीपण बरेचसे गळून पडते. आंबोलीच्या वाटाड्याला तासाभरात सात कीटक सापडले यामागे त्याची नजर तर आहेच, पण वेळेची निवडही आहे.

टॉर्च कोठे धरावी याला मोठे महत्त्व आहे. अमेरिकी चित्रकार ॲबट थेयर यांनी १८९६ मध्ये असे दाखवून दिले की अनेक प्राण्यांची आकाशाकडची बाजू गडद आणि जमिनीकडची फिकट असते, त्यामुळे वरून पडणाऱ्या उजेडात त्यांच्या अंगाची गोलाई पुसली जाते आणि ते सपाट दिसतात. उलट्या लटकणाऱ्या कित्येक अळ्यांत हीच रचना उलटी, म्हणजे पोटाकडे गडद असते. चित्रकार गोलाई दाखवण्यासाठी जी छटा वापरतो, तीच येथे गोलाई पुसण्यासाठी वापरली गेली आहे, आणि हे एका चित्रकाराच्या ध्यानात यावे हे मला फार समर्पक वाटते. ही सगळी रचना उजेड वरून येतो या गृहीतावर उभी आहे. टॉर्च डोक्याला बांधून समोर मारण्याऐवजी हातात घेऊन, कमरेच्या खाली धरून, पानांवर तिरपी टाकली की ते गृहीत मोडते आणि अळी एकदम गोल, भरीव दिसू लागते.

अतिनील किरणांची, म्हणजे यूव्ही टॉर्चही उपयोगी पडते. त्या उजेडात हिरवी पाने काळपट किंवा मंद तांबूस दिसतात आणि कित्येक अळ्या त्यांच्यावर फिकट प्रकाशाने चमकतात. ही टॉर्च कोणाच्याही डोळ्यांवर मारू नये आणि स्वतःही तिच्याकडे पाहू नये, विशेषतः मुले बरोबर असताना.

आणखी एक गोष्ट, जी कदाचित कोणाच्या तरी उपयोगी पडेल. मला लाल आणि हिरव्या रंगांतला फरक नीट कळत नाही. लहानपणापासून मी हे माझे उणेपण समजत आलो होतो, परंतु मित्रांबरोबर फिरताना असे लक्षात येऊ लागले की पालापाचोळ्यातले पतंग मला त्यांच्या आधी दिसतात. मॉर्गन, ॲडम आणि मॉलन यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असेच आढळले होते. पृष्ठभागावर विविध रंग पसरून एखादा आकार लपवला, तर सामान्य रंगदृष्टीच्या माणसांना ते रंग गोंधळात टाकतात. ज्यांना ते रंग वेगळे दिसतच नाहीत, त्यांना पोतातला फरक दिसतो. ज्यांना सर्व रंग दिसतात त्यांनी छायाचित्र कृष्णधवल करून पाहावे. कधी कधी जे रंगात हरवलेले असते ते करड्या छटांत सापडते.

तेरडा_पुणे

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी तगरीपासून सुरुवात करते आहे. दोन शंका राहिल्या आहेत. वाटाड्याने काडीकिड्यावर हळूच फुंकर घातली होती आणि तो वाऱ्यात हलणाऱ्या काडीसारखा डोलू लागला होता. शोधताना अशी फुंकर घालावी का? आणि पावसाळा संपल्यावर, जेव्हा टेकडी वाळून पिवळी होते, तेव्हा हा सराव थांबवावा लागेल का?

पाचोळा

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देते, कारण तो माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. सराव मुळीच थांबवू नका. कॉमन इव्हिनिंग ब्राऊन हे फुलपाखरू पावसाळ्यात आणि कोरड्या ऋतूत दोन निराळी रूपे घेते. पावसाळी पिढीच्या पंखांच्या खालच्या बाजूला डोळ्यांसारखे ठळक ठिपके असतात. कोरड्या दिवसांत जन्मलेल्या पिढीत ते ठिपके जवळपास नाहीसे होतात आणि पंख वाळक्या पानासारखे तपकिरी, ठिपकेदार होतात. एकाच वेळच्या दोन फुलपाखरांची छटाही सारखी नसते, जशी दोन वाळक्या पानांची नसते. ते दिवसभर पाचोळ्यात बसून असते आणि संधिप्रकाशात उडते. पाय अगदी जवळ आल्याखेरीज ते उठत नाही, आणि उठल्यावर चार हातांवर पुन्हा बसते. त्या क्षणी नजर हलवायची नाही. बसलेली जागा डोळ्यांनी धरून ठेवून एकेक पाऊल जवळ जायचे. मला पहिली पन्नास फुलपाखरे अशीच, आधी उडताना आणि मग बसताना दिसली. त्यानंतर केव्हातरी एक न उडालेले दिसले.

सह्याद्रीच्या दाट झाडीत ब्लू ओकलीफ हे फुलपाखरूही याच रीतीने शोधावे. उडताना निळे दिसते, आणि खोडावर डोके खाली करून पंख मिटले की देठ आणि मधल्या शिरेसकट एक वाळके पान उरते. त्याच्या सुमात्रातल्या भाऊबंदाविषयी ब्रिटिश निसर्गअभ्यासक आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी लिहिले आहे की ते झुडपात शिरताना पाहूनही त्यांना पुष्कळदा सापडत नसे. तेव्हा आपण निराश होण्याचे कारण नाही.

फुंकरीविषयी मात्र माझे मत वाटाड्याहून वेगळे आहे. एखाद्या वेळी दाखवण्यासाठी ठीक आहे, परंतु शोधण्याची पद्धत म्हणून ती नसावी. स्थिर राहणे हाच त्या कीटकाचा बचाव आहे. त्याला हालचाल करायला लावून आपण निघून जातो, आणि पक्षी तिथेच असतात. शिवाय तोंड झुडपाच्या इतके जवळ नेणे आपल्याही हिताचे नाही. चापडा हा हिरवा विषारी साप पावसाळ्यात झुडपांवरच असतो आणि मायावरणात तो कोणत्याही कीटकाहून कमी नाही. काही हिरव्या, गोगलगायीसारख्या सरकणाऱ्या अळ्या पानाच्या रंगात मिसळलेल्या असतात आणि त्यांच्या काट्यांनी तासन्‌तास आग होते. म्हणून हात पाठीमागे बांधून पाहण्याची सवय मुलीला आत्तापासूनच लावावी. संरक्षित जंगलात अंधार पडल्यावर वनविभागाच्या परवानगीविना जाऊ नये, हे आपण जाणताच.

सह्यपांथस्थ

पाचोळाताईंशी मी सहमत आहे. खाल्लेल्या पानांविषयी एक पुरवणी जोडतो. पक्षीही पानावरच्या खुणा वाचतात. जीवशास्त्रज्ञ बर्न्ड हाइनरिख यांनी १९७९ मध्ये असे मांडले की पक्ष्यांना आवडणाऱ्या काही अळ्या अर्धवट खाल्लेले पान देठातून कुरतडून खाली पाडतात किंवा खाऊन झाल्यावर त्या पानापासून दूर जाऊन बसतात. केसाळ, बेचव अळ्या मात्र खाल्लेल्या पानांतच निवांत राहतात. तेव्हा कुरतडलेल्या पानावर काही दिसले नाही तर त्याच फांदीवर हातभर पुढे-मागे पाहावे, आणि झाडाखाली पडलेले हिरवे, ताजे, अर्धवट पान दिसले तर तेही लेंडीइतकेच बोलके समजावे.

तेरडा_पुणे

सतरा दिवसांनी लिहिते आहे. तगरीखाली लेंड्या चौथ्या दिवशीच सापडल्या होत्या, खाचांसकट, अगदी वर्णन केल्याप्रमाणे. परंतु अळी सापडेना. रोज सकाळी मी आणि मुलगी दोन्ही बाजूंनी कुंपण तपासत होतो. लेंड्या रोज ताज्या आणि रोज आदल्या दिवसापेक्षा थोड्या मोठ्या असत, म्हणजे ती आमच्या डोळ्यांसमोर वाढत होती.

काल संध्याकाळी टॉर्च कमरेखाली धरून पाहिले. जी फांदी मी निदान दहा वेळा पाहिली असेल, तिच्याच खालच्या बाजूला एक जाड देठ होता. त्या देठाला पांढरी रेघ होती. रेघेच्या खाली लहान लहान गोल छिद्रे एका ओळीत दिसली, आणि ती श्वसनाची छिद्रे आहेत हे ध्यानात येताच आजूबाजूची पाने जणू मागे सरली आणि संपूर्ण अळी एकदम समोर आली. मी मुलीला हाक मारली नाही; ती स्वतः शोधते का ते पाहत उभी राहिले. तिला तीन मिनिटे लागली.

आज सकाळी त्याच कुंपणावर, दोन हातांवर, आम्हाला दुसरी अळी दिसली. ती त्याहून लहान आहे. आता सोसायटीचे माळीकाका या रविवारी कुंपण छाटणार आहेत. त्यांना ही फांदी दोन आठवडे तशीच ठेवा असे सांगितले आहे आणि त्यांनी मान्यही केले आहे. अळी कोषात जाण्यापूर्वी तपकिरी होऊन खाली उतरते असे वाचले. खाली सगळी फरशी आहे. कुंपणाच्या बुंध्याशी माती आणि पाचोळा पसरून ठेवला तर तिला कोष करण्यास पुरेल का? पाचोळाताई, आपण सांगाल का?